सात वाड्या आजारी, पाच ठणठणीत

वैनगंगेच्या काठावरच्या पाथरघाट गावात त्या वर्षी फेब्रुवारीत एक कोडं पडलं. नदीच्या वाळूत बारा वाड्या होत्या. वरच्या अंगाने मोजत आलं, की पहिली ते सातवी आजारी, आणि आठवीपासून बारावीपर्यंत एकाही पानाला डाग नाही. आता रोग म्हणजे काय तलाठी आहे, की 'माझी हद्द इथपर्यंतच' म्हणून सातव्या कुंपणाशी थांबेल? वारा बाराही वाड्यांवरून वाहत होता. पाणी एकाच नदीचं होतं. आणि बी तर सगळ्यांनी एकाच तुंब्यातून नेलं होतं.

वाडी म्हणजे घर नव्हे बरं का. पावसाळा सरून नदी आटली, की पात्रात वाळू उघडी पडते. पाथरघाटचे लोक त्या वाळूत चर खणतात, खत घालतात आणि डांगराचं बी टाकतात. काही गावांत डांगर म्हणजे तांबडा भोपळा. इथे मात्र डांगर म्हणजे खरबूज. त्यातही पाथरघाटचं साखरडांगर असं, की वाडीत एक पिकलं तर त्याचा वास घाटाच्या पायऱ्यांपर्यंत येतो आणि माणसं कामं सोडून तिकडे बघत बसतात.

सात वाड्यांतल्या वेलांची पानं सुरकुतली होती. त्यांच्यावर फिकट हिरवे आणि गडद हिरवे पट्टे उमटले होते, भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशासारखे. कोडं एवढ्यावरच थांबत नव्हतं. सातही वाड्यांत रोग एकाच जागी सुरू झाला होता, पायवाटेला लागून असलेल्या पहिल्या वेलापासून. आणि त्या पहिल्या वेलाचा शेंडा खुडला होता अकरा वर्षांच्या यामिनी दिघोरेने.

त्याचं असं होतं. वेल दीड हात वाढला, की त्याचा शेंडा खुडावा लागतो. मग त्याला बगलफांद्या फुटतात आणि फळं जास्त धरतात. पाथरघाटला पहिला शेंडा कुणीही उठून खुडत नाही. ज्या मुलीचा हातगुण चांगला, ती जानेवारीतल्या एका सकाळी वरच्या वाडीपासून खालच्या वाडीपर्यंत जाते आणि प्रत्येक वाडीतल्या पहिल्या वेलाचा शेंडा नखाने खुडते. मग त्या घरची माणसं तिथूनच पुढे उरलेले वेल खुडत जातात. निघण्यापूर्वी त्या मुलीने एक काकडी हाताने मोडून खायची आणि तिचा रस तळहातांना चोळायचा, म्हणजे वेलाला ओळख पटते, असं आठव्या वाडीची पारबता आत्या सांगते. पारबता आत्या सत्तरीची. पन्नास वर्षांपूर्वी शेंडे खुडणारी मुलगी तीच होती.

दोन वर्षं यामिनीचा हात लाखात एक होता. या वर्षी मात्र पानं सुरकुतली आणि लोकांचे आवाज हळू झाले. "पोरीचा हात उतरला," असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते कळलं नाही, पण यामिनीच्या कानावर ते बरोबर आलं. तेव्हापासून ती हात ओढणीत गुंडाळून हिंडायची. थंडी म्हणून, असं सांगायची. फेब्रुवारीच्या दुपारी!

पण खरी भीती हाताची नव्हती, तुंब्याची होती. वाळलेल्या दुधीभोपळ्याचा तो तुंबा दिघोऱ्यांच्या घरात आढ्याला टांगलेला असे आणि त्यात राखेत घोळलेलं साखरडांगराचं बी असे. दरवर्षी बी पेरायचं, सगळ्यात गोड फळाचं बी परत तुंब्यात भरायचं. हे किती पिढ्या चाललं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पेरून उरलेलं बी होतं जेमतेम दोन मुठी. जिल्ह्याच्या वनस्पती दवाखान्याला रोगाची वर्दी गेली, तेव्हा लगेच निरोप आला. रोग बियातून आला असेल, किंवा कुठून आला ते सापडलंच नाही, तर उरलेलं बी जाळावं लागेल.

तो निरोप ऐकून यामिनीने आपलं दप्तर उचलून कोपऱ्यात सरकवलं. कारण तिला एक गोष्ट माहीत होती. ती गोष्ट तिच्या विज्ञानाच्या वहीत, शेवटच्या पानावर चिकटवलेली होती.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हावर चालणारी एक चपटी होडी घाटाला लागली. तिच्यातून डॉक्टर रोहिणी किरपान उतरल्या. त्या माणसांच्या नव्हे, झाडांच्या डॉक्टर. पायात गमबूट, डोक्याला रुमाल, आणि बोलणं शेजारच्या गावच्या बाईसारखं. त्यांच्यामागून सहा पायांचं एक यंत्र टुणकन वाळूत उतरलं.

"नमस्कार. मी टिपणीस," यंत्र म्हणालं. "मी नमुने घेतो, टिपणं ठेवतो आणि विषाणूंची जनुकं वाचतो. मला सहा पाय असले तरी कृपया मला खेकडा म्हणू नये."

झालं! पाच मिनिटांत अख्खा गाव त्याला खेकडा म्हणू लागला.

किरपान मॅडमनी वाडी पाहिली, पान उन्हाकडे धरलं आणि यामिनीचे बाबा बळीराम यांच्याकडे वळून विचारलं, "पहिला शेंडा कोणी खुडला?"

बाबांनी वाळूकडे पाहिलं. पारबता आत्या म्हणाली, "हेच पोरगी. यामिनी." तिच्या आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती.

"मग यामिनी माझ्याबरोबर राहील," मॅडम म्हणाल्या. "जिने सुरुवात केली तिला वाट ठाऊक असते. चल गं, हात सोडव त्या ओढणीतून. मला नमुने धरायला दोन हात कमी पडतात."

टिपणीसने बाराही वाड्यांतून एकेक पान घेतलं. प्रत्येक पान कुटून त्याचा रस त्याने आपल्या पोटातल्या डबीत सोडला. यामिनी ते बघत होती. विचारू की नको, असं करत तिने शेवटी विचारलं.

"मॅडम, हे रोग म्हणजे किडे हायेत का?"

"किडा असता तर बरं झालं असतं, डोळ्याला दिसला असता. हा विषाणू आहे. म्हणजे जिवंत म्हणावा की नाही, असा प्रश्न पडावा इतका छोटा ऐवज. वर प्रथिनाचं कवच, आत एक लांब धागा. त्या धाग्यावर लिहिलेलं असतं, 'माझ्या नकला करा.' बस्स, एवढंच त्याचं आयुष्य. वेलाच्या पेशीत शिरला, की पेशी बिचारी स्वतःचं काम सोडून याच्या नकला काढत बसते. मग पानाला हिरवा रंग करायला वेळ कुणाला?"

"लिहिलेलं म्हणजे? कोणत्या अक्षरात?"

"रसायनांच्या अक्षरात. धाग्याचं नाव आरएनए (पेशीला वाचता येईल असा रासायनिक मजकूर). त्यात अक्षरं फक्त चार: ए, यू, जी आणि सी. त्या चारांचाच सगळा मजकूर. विषाणूच्या सगळ्या मजकुराला मिळून म्हणतात जीनोम (सगळ्या जनुकांचं एकत्र पुस्तक)."

टिपणीस मध्येच बोलला, "माझ्या पोटात एक पडदा आहे. त्याला अतिशय बारीक छिद्रं आहेत. धागा छिद्रातून सरकताना अक्षरागणिक विजेचा प्रवाह किंचित बदलतो. त्यावरून मी अक्षर ओळखतो. अंधारात बोटं फिरवून माळेचे मणी ओळखावेत, तसं. आता कृपया दहा मिनिटं मला हसवू नये."

दहा मिनिटं कुणीही त्याला हसवलं नाही. मग त्याच्या पाठीवर हिरवा दिवा लागला.

"सात वाड्यांत विषाणू आहे. पाच वाड्यांत नाही," टिपणीस म्हणाला. "धागा एकसंध आहे. अक्षरं सुमारे सहा हजार चारशे."

"एकसंध!" किरपान मॅडमनी मान हलवली. "हे महत्त्वाचं आहे, यामिनी. काकडीच्या आणि डांगराच्या पानांवर असा नकाशा उमटवणारे विषाणू एकाहून जास्त आहेत. त्यांतल्या एकाचं पुस्तक तीन तुकड्यांत असतं आणि त्याला मावा नावाचे बारके किडे या वेलावरून त्या वेलावर नेतात. दुसऱ्याचं पुस्तक एकसंध असतं. त्याला किड्याची गरज नसते. तो स्पर्शाने पसरतो. हाताने, विळ्याने, कपड्याने. कधी कधी बियावर बसूनही येतो. पानं बघून दोघांतला फरक सांगणं फार कठीण. पुस्तक वाचलं, की लगेच कळतं."

यामिनीने हात पुन्हा ओढणीत घातले. "म्हणजे माह्याच हातानं पसरला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता, की टिपणीसने तो टिपलाही नाही.

मॅडम तिच्याजवळ वाळूत बसल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही. "हो. तुझ्या हातावरून गेला. आणि तुझ्यामागून ज्यांनी खुडलं, त्यांच्याही हातावरून गेला. पण हाताने नेणं वेगळं आणि हात वाईट असणं वेगळं. पोस्टमन पत्र आणतो. पत्रातली बातमी काही तो लिहीत नाही. आपल्याला शोधायचंय ते हे, की पत्र टाकलं कुणी?"

* * *

दुपारी सगळे पारबता आत्याच्या मांडवात जमले. आत्याची शेळी खुंट्याला बांधलेली होती आणि टिपणीसकडे संशयाने बघत होती. बाबांनी तुंबा घरून आणला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तान्ह्या मुलाला धरावं तसा.

"बी तपासून घ्या ना मॅडम," बाबा म्हणाले. "वाचू द्या खेकड्याले."

"टिपणीस," टिपणीस म्हणाला.

"बी तपासायचं तर ते कुटावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "आणि चार बिया कुटून भागत नाही. शंभरात एखादीच बी दूषित असू शकते. खात्री करायची तर तुमचं निम्म्याहून जास्त बी कुटण्यातच जाईल. त्यापेक्षा दुसरी वाट आहे. विषाणूची वंशावळ काढू."

"विषाणूले वंशावळ?" आत्याने भुवया उडवल्या. "आमच्याच घरची सापडत नाई."

"यामिनी, तुमच्या वर्गात कधी कुणी गृहपाठ उतरवून घेतला आहे?"

यामिनीने नजर शेळीकडे वळवली. उतरवणाऱ्यांत ती स्वतः एकदा होती.

"गुरुजींना कसं कळतं?"

"ज्याच्यावरून उतरवला त्याच्या चुका बी तशाच्या तशा येते."

"अगदी तसंच! पेशी विषाणूच्या लाखो नकला काढते. घाईत एखादं अक्षर चुकतं. मग त्या चुकलेल्या नकलेच्या पुढच्या नकलांत तीच चूक येते. अशा बदलाला म्हणतात उत्परिवर्तन (जनुकाच्या मजकुरात झालेला बदल). ज्या दोन विषाणूंच्या चुका सारख्या, ते जवळचे नातेवाईक. चुका जितक्या वेगळ्या, तितकं नातं लांबचं. देशभरात सापडलेल्या विषाणूंची पुस्तकं आमच्याकडे जपून ठेवलेली आहेत. हा रोग तुमच्या तुंब्यातून आला असेल, तर तो पिढ्यान् पिढ्या इथेच नांदला असणार. त्याच्या चुका आपल्या भागातल्या विषाणूंशी जुळायला हव्यात. टिपणीस?"

टिपणीसचा दिवा पिवळा झाला, मग हिरवा. "वैनगंगेच्या खोऱ्यात पूर्वी सापडलेल्या विषाणूंशी या विषाणूचा तीनशे बारा अक्षरांचा फरक आहे. दक्षिणेकडच्या एका शेडनेट पट्ट्यातल्या, म्हणजे सावलीच्या जाळीखाली पिकवलेल्या काकडीच्या विषाणूशी फक्त चार अक्षरांचा."

मांडवात गलका झाला. शेडनेट? दक्षिणेकडे? इथून तिकडे कधी कुणी गेलं नव्हतं, तिकडून इथे कुणी आलं नव्हतं.

"म्हणजे बी निर्दोष असण्याची शक्यता खूप आहे," मॅडम म्हणाल्या. "पण नियम सांगतो, वाट दाखवा. तिकडचा विषाणू पाथरघाटच्या वाळूत आला कसा? ते सांगता आलं नाही, तर मी बी राखू शकणार नाही. मला कितीही वाटलं तरी."

बाबांनी तुंबा छातीशी ओढला. आतलं बी खुळखुळलं. तो आवाज यामिनी जन्मल्यापासून ऐकत आली होती. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते.

तिला शेंडे खुडायची ती सकाळ आठवली. घरच्या मांडवावरच्या काकड्या या वर्षी डिसेंबरातच संपल्या होत्या. बाबांनी पिशवीतून एक काकडी काढून दिली होती. लांब, गुळगुळीत, चकाकणारी. "मामाकडची हाय, घरचीच समज," असं ते म्हणाले होते. पण मामाच्या काकडीला चिकटपट्टी कुठून असणार? सोनेरी काठाची छोटी गोल चिकटपट्टी होती ती. यामिनीला आवडली म्हणून तिने वहीत लावून टाकली. मग रोग आला, आणि तिला कळेना की हे कुणाला सांगावं. सांगितलं, तर बाबा चारचौघांत खोटे पडतील. नाही सांगितलं, तर बी जळेल.

ती उठली आणि मांडवाबाहेर पळाली. लोकांना वाटलं, रडायला गेली. ती घाटाच्या पायऱ्या दोन दोन करत चढून घरी गेली, वही घेतली आणि तशीच परत आली. धापा टाकत तिने शेवटचं पान उघडून टिपणीससमोर धरलं.

"हे त्या दिवशीच्या काकडीवर होतं," ती म्हणाली. "मी ते काकडी मोडली, रस हाताले चोळला, आन् तसेच हात घेऊन शेंडे खुडले."

कुणी काही बोलायच्या आत बाबा उभे राहिले. "पोरीले काई विचारू नका," ते म्हणाले. "माही चूक हाय. घरची काकडी सरली होती. रीत मोडू नये म्हणून मी तालुक्याच्या दुकानातून आणली, आन् मामाकडची हाय म्हणून सांगतलं. मले वाटलं, काकडी ते काकडी. तिले ठाऊक होतं, पण माह्यासाठी गप रायली पोरगी."

टिपणीसने चिकटपट्टीवरचे सांकेतिक ठिपके, म्हणजे माल कुठला हे सांगणारा कोड, वाचले. त्याला जितका आनंदी आवाज काढता येत होता, तितक्या आनंदी आवाजात तो म्हणाला, "त्याच पट्ट्यातली काकडी. वाट सापडली!"

किरपान मॅडमनी डोक्याचा रुमाल काढला आणि तोंडावरून फिरवला. सकाळपासून त्याही श्वास धरून बसल्या होत्या, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. "खाणाऱ्याला त्या काकडीने काही होत नाही, माणसाला हा विषाणू लागत नाही," त्या म्हणाल्या. "पण रस वेलाच्या जखमेला लागला, की याचं काम झालं. आणि शेंडा खुडणं म्हणजे ताजी जखमच. बळीरामभाऊ, तुंबा घरी टांगा. दहाच बिया मला द्या, बाकी ठेवा. पुढच्या वर्षी रोपं चार पानांची झाली, की टिपणीस प्रत्येक वाडीची पानं वाचेल."

बाबा खाली बसले. त्यांनी तुंब्यावर कपाळ टेकवलं आणि सगळ्यांदेखत रडले. यामिनीही रडली, पण तिला इतकं हलकं वाटत होतं, की रडता रडता तिला हसूच येत होतं.

* * *

"थांबा थांबा," पारबता आत्या म्हणाली. "माही वाडी आठवी. तिच्यात का नाई आला मंग? पोरीचे हात तर तेच होते."

हे मात्र टिपणीसलाही सांगता येईना. मॅडमनी यामिनीला विचारलं, "सातव्या आणि आठव्या वाडीच्या मध्ये तू काय केलंस? आठव. हात धुतलेस?"

"नाई. म्हणजे..." यामिनीने शेळीकडे पाहिलं. "आत्यानं मले चहासाठी शेळी दोहायले सांगतली. शेळीनं लात मारली. दूध सारं हातावर सांडलं. आत्या मले रागावली बी. मंग मी तशीच निंघाली."

मॅडम खो खो हसायला लागल्या. "अहो, दूध! दुधातली प्रथिनं या विषाणूच्या कणांना चिकटून बसतात आणि त्यांची शिरायची ताकद पुष्कळ कमी करतात. कितीतरी ठिकाणी वेलांत काम करणारी माणसं हात आणि अवजारं दुधात बुडवतात. दर वेळी दूध पुरं पडेलच असं नाही, त्यात सात वाड्यांनंतर हातावरचा रसही कमी झाला असेल. पण तुमच्या पाच वाड्यांना या शेळीची लात लाभली, हे नक्की!"

शेळीने मान फिरवून चारा ओढला. आत्या तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागली.

सात वाड्यांतले रोगट वेल त्याच आठवड्यात उपटून काठावर नेऊन जाळले. सात घरांचा तो उन्हाळा अवघड गेला, ते काही विज्ञानाने भरून निघालं नाही. पण मार्चअखेरीस खालच्या पाच वाड्यांत डांगरं पिकली. पाच वाड्यांनी बारा वाटे केले. सगळ्यात गोड फळ निवडून त्याचं बी पुन्हा राखेत घोळलं आणि तुंब्यात भरलं. दहा बियांचा निकालही आला. त्यांत विषाणूचं एकही अक्षर नव्हतं.

पुढच्या जानेवारीत टिपणीस परत आला. रोपांची पानं वाचून झाली आणि बाराही वाड्यांना त्याने हिरवा दिवा दाखवला. शेंडे खुडायच्या सकाळी सगळे पहिल्या वाडीपाशी जमले. काकडी या वेळी घरच्या मांडवावरची होती. बाबांनी तिच्यासाठी दोन महिने राखण केली होती. यामिनीने ती मोडून खाल्ली, मग साबणाने हात धुतले. पारबता आत्याने पितळी वाटीत शेळीचं ताजं दूध पुढे केलं. यामिनीने दोन्ही हात त्यात बुडवले. प्रत्येक वाडीच्या कुंपणाशी अशी एकेक वाटी भरून ठेवली होती, मागून खुडणाऱ्यांसाठीसुद्धा.

"टिपण घेतो," टिपणीस म्हणाला. "दुधात हात बुडवण्याची पद्धत कधीपासूनची?"

"आमच्याकडं?" आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याला एवढंही कसं माहीत नाही. "आमच्याकडं पयलेपासूनच हाय, खेकड्या. लिवून घे."

यामिनीने ओठ दाबून हसू आवरलं. मग ती वाकली. तिच्या ओल्या बोटांवरून दुधाचा थेंब वाळूत पडला. ओढणी तिने त्या सकाळी घरीच ठेवली होती. तिने पहिल्या वेलाचा शेंडा नखाने खुडला आणि पुढच्या वाडीकडे चालू लागली.